मणक्याचा टीबी आणि ताईंनी दिलेला प्लॅनर

मला मणक्याचा टीबी झाला होता. उपचार संपलेत, मी कामावर परत जाते, स्कूटी मात्र घरचे अजून हातात देत नाहीत. ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडलाय आणि ज्यांच्या पलंगाशी बसून नातेवाईक "पॉझिटिव्ह राहायचं हं" असं सांगून, चहा पिऊन निघून जातायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्याकडे फार मोठं ज्ञान नाही. मी कशी वैतागले आणि त्यातून कशी निभावले, एवढं सांगता येईल.

पाठच तर दुखतेय

मी डोंबिवलीत राहते. मानपाड्याच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅच बघते. कुठली गाडी आधी भरायची, कुठली थांबवली तरी चालेल, कुणाचा माल आज गेलाच पाहिजे, हे दिवसभर डोक्यात. त्यामुळे पाठ दुखायला लागली तेव्हा कारणं शोधायला लांब जावं लागलं नाही. खुर्ची वाईट, रस्ते त्याहून वाईट आणि वय चाळिशीच्या पुढे. फॅमिली डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलेत. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, पोटाचे स्नायू कमजोर आहेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, वात आहे. मी सगळ्यांचं ऐकलं. गोळ्या घेतल्या, व्यायाम केले, तेलही चोळून घेतलं.

त्यातच वजन उतरायला लागलं. ऑफिसमधल्या बायका मागे लागल्या. "सांग ना गं, काय बंद केलंस? भात?" खरं तर मला जेवणच जात नव्हतं. पण बारीक झालीस म्हटलं की कुणालाही बरं वाटतं, तसं मलाही वाटलं. संध्याकाळी अंगात कणकण असायची. ती दमल्यामुळे, असं मीच ठरवून टाकलेलं.

एका सकाळी माल भरायच्या फलाटावर खाली पडलेलं मालाचं चलन उचलायला वाकले आणि वर येताच येईना. कमरेखाली मुंग्या, डाव्या पायात जोर नाही. दोन ड्रायव्हरांनी मला खुर्चीत बसवून खुर्चीसकट केबिनमध्ये नेलं. त्याच दिवशी एमआरआय झाला.

दुसरं काय लिहू?

ठाण्याच्या मणक्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि पेनाचं टोक टेकवून दाखवलं. दोन मणके आणि त्यांच्यामधली गादी, तिन्ही पोखरली गेलेली. बहुधा टीबी, ते म्हणाले, सुईने तुकडा काढून नक्की करू.

"पण मला खोकला नाही," मी म्हटलं.

"टीबी फक्त छातीत होतो असं नाही मॅडम. तुमची छाती साफ आहे. तुमच्यापासून कुणाला लागणार नाही. औषधाने बरा होतो, फक्त वेळ फार घेतो. माझं लक्ष आहे तुमच्या पायाकडे. तो आणखी कमजोर झाला तर ऑपरेशन टाळता येणार नाही."

मी पायाचा विचार करत होते. शेजारी बसलेला माझा नवरा, प्रदीप, वेगळ्याच विचारात होता. तो म्हणाला, "डॉक्टर, फाईलवर दुसरं काही लिहिता येईल का?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "दुसरं काय लिहू?"

परतताना माजिवड्याच्या जंक्शनला गाडी अडकली. तिथे तो म्हणाला, "कुणी विचारलं तर स्लिप डिस्क सांगू." त्याच्या लहानपणी त्याच्या एका काकाला टीबी झालेला. त्या काकाचं ताट, तांब्या, अंथरूण, सगळं वेगळं केलेलं त्याने बघितलं होतं. हे त्याने मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की माझा पाय जायची वेळ आलीय आणि हा लोकांना काय सांगायचं ते ठरवतोय. त्याचे डोळे भरलेले होते आणि मला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटत होती.

ताईंचं गिफ्ट

तपासणीसाठी ठाण्यातच ॲडमिट झाले. हॉस्पिटलचं वेळापत्रक आपल्यासाठी नसतं, हे पहिल्याच दिवशी कळलं. सकाळी झोप लागते न लागते तोच अंग पुसायला मावशी यायच्या. त्या गेल्या की रक्त घ्यायला कुणीतरी, मग बीपी, मग झाडू. पुन्हा डोळा लागला की डॉक्टरांचा राउंड. कुशीवर वळायचं तर ओंडका लोटतात तसं दोघींनी मिळून वळवायचं. मी रोज शेकडो खोक्यांची हलवाहलव ठरवणारी बाई. आता मीच एक खोकं झालेले, "ही बाजू वर" असं लिहिलेलं.

तिथे अलकाताई आल्या. प्रदीपच्या थोरल्या बहीण, माजिवड्याला राहतात. निवृत्त झाल्यापासून सकाळच्या एका साधना मंडळात जातात. त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याचा एक प्लॅनर काढून माझ्या छातीवर ठेवला. प्रत्येक दिवसाला एक पान. वर हिरव्या अक्षरांत सुविचार, खाली "आजची तीन मुख्य कामे", त्याखाली "आज मी कशासाठी कृतज्ञ आहे", मग "ध्यान", आणि तळाशी पाण्याच्या ग्लासांची चित्रं, पिऊन झालं की रंगवायची. रविवार लाल.

"सकाळी उठलीस की आधी विचार वाचायचा," ताई म्हणाल्या. "मग तीन कामं लिहायची. मन बांधलेलं राहतं."

"ताई, मी आडवी आहे. मला कामं कुठली?"

"झोपून राहणं हेच तुझं काम आहे ना आत्ता? मग तेच लिही."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या दिवसांची आखणी केलेल्या मला कुणी प्लॅनर वापरायला शिकवावं, याचा मला इतका राग आला की थँक्यू म्हणायचं राहून गेलं.

सुविचार

सुईच्या तपासणीत टीबीच निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि छातीपासून कमरेपर्यंत पट्टा आवळून मला घरी पाठवलं. बाथरूमला जायचं आणि जेवायला बसायचं, तेवढंच उठायचं. बाकी वेळ आडवं.

पहिल्याच आठवड्यात प्लॅनर म्हणाला, "ताठ कण्याने जगाला सामोरे जा." नंतर एकदा, "आज एखाद्या अनोळखी वाटेवर मनसोक्त चाला." त्या दिवशी मी डाव्या पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करत होते. अलकाताईंचा रोज फोन यायचा. "वाचलास का आजचा विचार?" एक दिवस मी म्हटलं, "ताई, हे ज्याने लिहिलंय त्याला आधी माझा पट्टा बांधा." त्या हसल्या नाहीत. "तू फार चिडतेस, सुजाता. चिडचिडीने औषध लागू पडत नाही," म्हणाल्या. म्हणजे आता बरी झाले नाही तर तोही माझाच दोष.

हे मी मुद्दाम लिहितेय. आजारी माणसाला सर्वांत जास्त दमवतं ते हेच. सकाळी रिकाम्या पोटी मूठभर गोळ्या गिळायच्या, लघवी केशरी होते ती बघून घाबरायचं नाही, तोंडात गंजल्यासारखी चव घेऊन डाळभात ढकलायचा आणि वर हसतमुख राहायचं. कृतज्ञतेच्या जागी मी काही दिवस नुसती रेघ मारली. एकदा लिहिलं, "उलटी बादलीत झाली, गादीवर नाही." पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मम्मी, ही तर खरीच कृतज्ञता आहे." मला तेव्हा ते पटलं नाही.

तरी प्लॅनर रोज उघडत होते. गोळ्यांच्या वेळा विसरायला व्हायचं, म्हणून उघडत होते. हळूहळू मी त्याला माझ्या कामाची शिस्त लावली. तीन मुख्य कामांच्या जागी गोळ्या, ताप आणि पाय. पाय म्हणजे अंगठा कुठवर उचलला, टाच सरकली का, मुंग्या कुठपर्यंत होत्या. पाण्याच्या ग्लासांवर उलट्यांची नोंद. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न समासात, कारण डॉक्टरांसमोर गेलं की एकही आठवत नाही. कुणी अशा आजारात असेल तर त्याला माझा आग्रह राहील की अशी एक वही ठेवाच. कसलीही चालेल. तिच्यात चांगलं काहीतरी लिहिलंच पाहिजे असं मात्र अजिबात समजू नका.

दारावरची बाई

टीबीची नोंद सरकारकडे करावी लागते. त्याप्रमाणे पालिकेच्या आरोग्य केंद्रातली एक कार्यकर्ती घरी आली. प्रदीपने दार उघडलं. समोरच्या घराचंही दार उघडंच होतं.

"सुजाताताई इथेच राहतात ना? टीबीच्या पेशंट?" तिने नेहमीच्या आवाजात विचारलं.

"नाही. म्हणजे त्या... त्यांना स्लिप डिस्क आहे," प्रदीप म्हणाला.

मी आतून हाक मारली, "अहो ताई, आत या. मीच ती."

ती आत आली, गोळ्या वेळेवर मिळतात का विचारलं, घरातल्यांची तपासणी झाली का विचारलं, वजन लिहून घेतलं आणि गेली. कामाची होती, बोलायला साधी होती. ती गेल्यावर आमचं भांडण झालं, आजारपणातलं सर्वांत मोठं.

"तुला काही लपवायचंच नाहीये का?" तो म्हणाला. "उद्या पोरीचं लग्न बघायचंय. कामवाली येणं बंद करेल."

"करू दे. तिला सांग की लागण होत नाही."

"मी कुणाकुणाला समजावत फिरू? ऑफिस करतो, स्वयंपाक करतो, तुला उठवतो-बसवतो. आता हेही करू?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलेलं, शर्टाचं एक बटण तुटलेलं. मी भिंतीकडे तोंड करायला गेले, तर तेही एकटीला जमेना. शेवटी त्यालाच सांगावं लागलं, "मला जरा वळव." त्याने वळवलं. कामवालीने पुढच्या आठवड्यात यायचं खरंच बंद केलं.

आई येते

मग माझी आई आली. ती मोहन्याला एकटी राहते. माझे वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते, तो बंद पडला तरी आईने मोहने सोडलं नाही. पिशवीत दोन लुगडी, चष्मा आणि बुद्धवंदनेचं छोटं पुस्तक घेऊन ती आली आणि माझ्या खोलीतच अंथरूण टाकलं.

सकाळी ती पलंगाशी बसून वंदना म्हणायची. लहानपणी मी सोबत म्हणायचे, मग नोकरी लागली आणि ते कधी सुटलं ते कळलंही नाही. आता पळून जायची सोय नव्हती, त्यामुळे ऐकायचे. एकदा तिने प्लॅनर उचलला, चष्मा लावला आणि वरचा विचार बोट ठेवून वाचला.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "पण हे धडधाकट माणसासाठी लिहिलंय, बाळा."

इतक्या दिवसांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मला रडू आलं.

"आणि हे ध्यान म्हणून रिकामं का ठेवलंस?"

"मला जमत नाही आई. डोळे मिटले की फक्त पाठ दुखते."

"मग पाठच बघ ना. दुसरं काय बघायचं असतं? दुखतंय तर कसं दुखतंय ते बघ. बरं म्हणू नको, वाईट म्हणू नको."

हेच विहारात लहानपणापासून ऐकलेलं. तेव्हा काही दुखत नव्हतं म्हणून कळलं नसेल. दुसऱ्या दिवशी मी बघितलं. आधी जळजळ, मग ठणका, मग ठणका थांबला आणि तो परत कधी येणार याची भीती, मग तो परत आला आणि भीती गेली. ध्यानाच्या जागी मी तेवढंच लिहिलं. रोज लिहायला लागले. काही दिवस त्यात निव्वळ शिव्या आहेत. दुखणं त्याने कमी झालं असं मी म्हणणार नाही, पण दिवसातला एक तुकडा असा मिळाला, ज्यात मला बरं दिसायची गरज नव्हती.

त्याच सुमारास अलकाताई एका गुरुवारी आल्या, त्यांनी पलंगावर प्लास्टिक अंथरलं, माझं डोकं कडेला घेतलं आणि बादली-मग घेऊन माझे केस धुतले. कित्येक दिवसांनी डोक्याला गरम पाणी लागलं. त्यांनी त्या वेळी एकही सुविचार सांगितला नाही. पुढे दर गुरुवारी त्या माजिवड्याहून तेवढ्यासाठी यायच्या. ताई अशा आहेत. आपण त्यांच्यावर पूर्ण चिडूही शकत नाही, याचीही मला चीड येते.

रविवार

पायात हळूहळू जोर येत होता. ऑपरेशन बहुधा टळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आई मोहन्याला परत गेली होती. एका सकाळी गोळ्या झाल्या, प्रदीप चहा घेऊन आला आणि मी नेहमीसारखी तक्रार सुरू केली.

"या प्लॅनरची छपाई बघ. पुढे पुढे शाई संपली वाटतं यांची. रविवार कसा मळकट आलाय."

त्याने वाकून बघितलं. "लाल आहे की."

"हा लाल? चॉकलेटी आहे."

त्याने मागची पानं उलटली आणि आधीचा एक रविवार समोर धरला. "हा?"

"तोही तसाच." मला त्याचा राग येत होता. मग सुविचाराच्या अक्षरांकडे लक्ष गेलं. तीही हिरवी राहिली नव्हती. दोन्ही रंग एकाच मातीतून काढल्यासारखे दिसत होते.

प्रदीप स्वयंपाकघरात गेला आणि एक टोमॅटो घेऊन आला. मी बघितला. तो टोमॅटो आहे हे मला आकारावरून कळत होतं. आमचं एकमेकांकडे लक्ष गेलं आणि दोघांना एकदमच आठवलं. गोळ्या सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं होतं की यातल्या एका गोळीचा क्वचित डोळ्यांवर परिणाम होतो. रंगांत फरक वाटला, धूसर दिसलं, तर लगेच कळवा.

नेमकी तेव्हा खोलीत मोबाईलला रेंज येत नव्हती. प्रदीप गॅलरीत गेला. समोरच्या बिल्डिंगमध्ये बायका कपडे वाळत घालत होत्या, खाली वॉचमन होता. आणि माझा नवरा, ज्याने इतके महिने तो शब्द तोंडातून काढला नव्हता, तो फोनवर ओरडून सांगत होता, "टीबीची पेशंट आहे. टीबी. मणक्याचा टीबी. हो, सुजाता. तिला लाल रंग दिसत नाहीये. मला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांशी बोलायचंय." पलीकडून बहुतेक ऐकू जात नव्हतं, कारण त्याने ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मी पलंगावर पडून ऐकत होते. पाय गेला तर काय करायचं याची मी मनाशी तयारी केली होती. डोळ्यांची केली नव्हती.

डॉक्टरांनी ती एक गोळी त्याच दिवशी बंद करून दुसरी दिली आणि ठाण्यात डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. मला पानामागून पान नुसते ठिपकेच दिसले. "लवकर आलात," त्या म्हणाल्या. "उशीर झाला की काही जणांची नजर परत येत नाही." काही आठवड्यांनी एक आकडा दिसला, मग आणखी. आता रंग बहुतेक सगळे परत आलेत. गर्द हिरवा आणि काळा यांच्यात अजून कधीतरी गोंधळ होतो. ज्यांना हे औषध चालू असेल त्यांनी रंगांवर लक्ष ठेवा, शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

अलकाताईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणून मी सांगत होते, रोज उघडत जा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते कबूल करायची माझी तयारी नव्हती.

वर्षा

गॅलरीतल्या त्या फोननंतर आमच्या अख्ख्या बिल्डिंगला कळलं. काही घरांचं येणं-जाणं कमी झालं. दोन घरांनी मात्र जेवणाचे डबे सुरू केले. पट्टा निघाला, पुढच्या एमआरआयमध्ये मणके भरून येताना दिसले, मी आधी काठीने आणि मग काठीशिवाय चालायला लागले. शेवटची गोळी घेतली त्या दिवशी प्रदीपने ऑफिसला दांडी मारली आणि आम्ही दोघं दुपारभर झोपलो.

त्यानंतर काही महिन्यांनी वरच्या मजल्यावरची वर्षा आली. लग्न होऊन नवीनच आलीय. मानेभोवती ओढणी गच्च गुंडाळलेली. आत आल्यावर तिने स्वतःच दार लावलं आणि ओढणी बाजूला केली. मानेवर गाठ होती. रिपोर्ट कालच आलेला, टीबीचाच.

"सासूबाईंना माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "ह्यांना माहितीये. तुम्ही रोज लिहायचात म्हणे. मला सांगाल काय लिहायचं ते?"

तिने येतानाच एक साधी वही आणलेली. तिला मी आधी पाणी दिलं, मग चहा. जेवढं रडायचं होतं तेवढं रडू दिलं. मग गोळ्यांच्या वेळा, ताप, वजन, डोळे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, असं सांगत गेले. तिने पेन उघडलं.

"वर आजाराचं नाव लिहायलाच पाहिजे का, ताई?"

"लिही," मी म्हटलं.

तिने लिहिलं आणि चटकन त्यावर डावा पंजा ठेवला. दार लागलेलं होतं, घरात आम्ही दोघीच होतो. थोड्या वेळाने पुढची ओळ लिहायला तिला हात उचलावा लागला.